अरणचा माळी आणि आपला पहिला वाफा

संतांच्या पालख्या पंढरीला जातात, हे माळकरी मंडळींना सांगायला नको. आळंदीहून ज्ञानोबा निघतात, देहूहून तुकोबा निघतात, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, आणि मुक्ताबाईंची पालखी तर पार तापीकाठाहून चालत येते. पण एक संत असे आहेत की त्यांच्या भेटीला पंढरीची पालखी त्यांच्या गावी जाते. आषाढी एकादशी उरकते, पौर्णिमेचा काला होतो, वारकरी आपापल्या गावाची वाट धरतात, आणि वद्य पक्षात पांडुरंगाची पालखी अरणला निघते. आषाढ वद्य चतुर्दशी हा श्रीसंत सावता महाराजांच्या पुण्यतिथीचा दिवस. त्या दिवशी देव आपल्या भक्ताच्या मळ्यात असतो.

हा मान सावतोबांना कशाने मिळाला? मोठी तपश्चर्या त्यांनी केली नाही, तीर्थे हिंडली नाहीत, ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी भाजी पिकवली. या चरित्राचा विचार मी आयुष्यभर कीर्तनांतून ऐकून केला, पण ते थोडेसे कळले ते म्हातारपणी, घरामागच्या दोन वाफ्यांत भाजी लावायला गेलो तेव्हा. म्हणून महाराजांचे चरित्र सांगताना मधूनमधून त्या वाफ्यांचीही हकीकत येईल. वाचकांनी गोड मानून घ्यावी.

अरण हे गाव सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, मोडनिंबच्या जवळ आहे. पंढरपूर तिथून फार लांब नाही. धडधाकट माणूस पहाटे निघाला तर दिवस मावळायच्या आत चंद्रभागेला पोचावा. मुलूख अवर्षणाचा. पाऊस आला तर आला, नाही तर विहिरीच्या पाण्यावर भिस्त. अशा ठिकाणी शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० मध्ये सावतोबांचा जन्म झाला असे मानतात. वडिलांचे नाव पुरसोबा, आईचे नांगिताबाई. घराणे मूळचे औसे गावचे, तिथून ते अरणला येऊन राहिले. जात माळ्याची, धंदा बागाईतीचा, आणि घरात पंढरीची वारी पिढीजात. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म १२७५ चा, नामदेवरायांचा १२७० चा. म्हणजे हे दोघे पाळण्यात होते तेव्हा सावतोबा ऐन विशीपंचविशीत मोट हाकीत होते.

माळ्याच्या पोराला मळा कोणी शिकवत नाही. तो चालायला लागला की पाटाच्या कडेने चालतो. दारे कुठे मोडायचे, वाफा भरला हे कसे ओळखायचे, कोणते रोप तहानलेले आहे आणि कोणते नुसते उन्हाने मान टाकून उभे आहे, हे त्याच्या डोळ्यांत आपोआप भरते. सावतोबा असेच शिकले असणार. आमच्यासारख्याची गोष्ट निराळी. मी जन्मभर कारकुनी केली. लेखणीखेरीज हातात काही धरले नाही. घरी बसायची वेळ आली तेव्हा मनात आले, दारात भाजी लावू, चार पेंढ्या मेथीच्या आणि चार मुळे पंढरीला जाणाऱ्या दिंडीच्या भाकरीबरोबर देऊ. हेतू चांगला होता. ज्ञान काहीच नव्हते.

पहिली चूक खताची. गोठ्यातले ताजे शेण आणून मी तसेच वाफ्यात मिसळले. शेजारचे एक जाणते शेतकरी बाबा पाहून हसले. शेणखत वर्षभर उकिरड्यात कुजावे लागते, मगच ते अन्न होते. ताजे घातले तर मुळांना चटका बसतो आणि वाळवीला आमंत्रण मिळते. दुसरी चूक बियांची. मुळ्याचे बी मुठीने फेकले. चौथ्या दिवशी वाफा हिरवागार झाला तेव्हा मला कोण आनंद! बाबा म्हणाले की आता यातली निम्म्याहून जास्त रोपे उपटून टाक. माझा हात होईना. आपणच पेरलेले, आपल्याच डोळ्यांदेखत वर आलेले, ते उपटायचे? मी विरळणी केली नाही. दीड महिन्याने मुळे उपटले तर करंगळीएवढे, एकमेकांना बिलगलेले, आणि खालची जमीन खणली नव्हती म्हणून दोन-दोन पाय फुटलेले. तेव्हा कळले की माया ही फक्त राखण्यात नसते, काढून टाकण्यातही असते.

सावतोबांचा दिवस कसा जात असेल, त्याची कल्पना तेव्हापासून मला येऊ लागली. तेव्हा विजेचे पंप नव्हते, नळ्या नव्हत्या. विहिरीवर मोट. वर चाक, त्यावरून जाणारा जाड नाडा, खालच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, आणि धावेवरून मागे-पुढे जाणारे बैल. मोट भरून वर येई, थारोळ्यात रिकामी होई, पाणी पाटाने मळ्यात उतरे. एक माणूस मोट हाकी, दुसरा खाली दारे मोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवी. एवढ्या खेपा केल्यावर चार वाफे भिजत, आणि चार दिवसांनी तेच वाफे पुन्हा पाणी मागत. या कामाला सुटी नाही. एकादशीला नाही, दिवाळीला नाही, घरात लग्न असले तरी नाही.

मळ्यात काय असे? कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर ही नावे महाराजांच्या अभंगातून आपल्याला पाठ आहेत. आज त्या अभंगात आपण मिरचीचेही नाव घेतो. पण मिरचीचे झाड आपल्या देशात आले ते पोर्तुगीजांच्या हाताने, सोळाव्या शतकात, महाराजांच्या नंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. बटाटा आणि टोमॅटोही असेच समुद्रापलीकडून आले. तेव्हा महाराजांच्या वेळचा तिखटपणा मिऱ्याचा असावा, किंवा ते नाव मागाहून गाणाऱ्यांच्या तोंडी बसले असावे. यात अभंगाला उणेपणा नाही. सातशे वर्षे जो अभंग शेतकऱ्याच्या तोंडी राहिला, त्यात शेतकऱ्याने आपल्या वाफ्यातले एखादे झाड आणून लावले तर महाराज रागावणार नाहीत.

महाराजांचे अभंग आज सदतीसच्या आसपास मिळतात. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. संख्या थोडी, पण त्यांत एक गोष्ट अशी आहे की ती दुसरीकडे सापडायला कठीण. भाजीची नावे, मोट, नाडा, विहीर, ही सगळी सामग्री तिथे देवाच्या स्वरूपाने येते. माळ्याचे घर आणि माळ्याचे काम मिळाले याचा त्यांना विषाद नाही, उलट आनंद आहे. कर्मठपणाच्या सोवळ्या-ओवळ्यातून सुटलो, असाच तो सूर आहे. तेराव्या शतकात, जिथे देवापाशी जायला जात आणि जानवे विचारले जाई, तिथे एक माळी खुरपे हातात घेऊन म्हणतो की माझा देव माझ्या वाफ्यात आहे. हे बोलणे सोपे नव्हते.

हे मी पूर्वी नुसते गोड म्हणून ऐकत होतो. वाफा केल्यावर त्यातला अर्थ उकलला. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाकी केली, पेरली, पाणी घातले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काही नाही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, म्हणून मला वाटले धणे कुजले. वाफा मोडायला निघालो तो दहाव्या दिवशी जमिनीला बारीक भेगा पडलेल्या दिसल्या, आणि खालून वाकलेली हिरवी मान. ती मान मी उगवली नव्हती. मी फक्त माती मोकळी केली, पाणी दिले आणि वाट पाहिली. उगवणारा निराळाच कोणी आहे, हे ज्ञानाच्या ग्रंथात वाचणे वेगळे आणि गुडघ्यावर बसून पाहणे वेगळे. सावतोबा हे रोज पाहत होते, आणि पाहिले ते बोलत होते.

महाराजांचा प्रपंचही होता. भेंड गावच्या भानवसे घराण्यातली जनाबाई ही त्यांची पत्नी. नामदेवरायांच्या घरच्या संत जनाबाई त्या वेगळ्या. सावतोबांना विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी. कथेकरी सांगतात की एकदा सासरची मंडळी पाहुणी आली आणि हे भजनात रंगलेले. उठून विचारपूस नाही, पाणी दिले नाही. जनाबाईंना राग आला. माहेरचे माणूस दारात उभे आणि घरधनी डोळे मिटून बसलेला, कोणत्या लेकीला बरे वाटेल? महाराजांनी त्यांची गोडीने समजूत घातली आणि पुढे त्याही त्याच वाटेला लागल्या. हे मी अशासाठी सांगतो की सावतोबांच्या घरात भांडण नव्हतेच असे कोणी समजू नये. चूल होती, पाहुणे होते, रुसवे होते. त्या सगळ्यांत नाम होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पंढरी एका दिवसाच्या वाटेवर, घरात पिढीजात वारी, आणि तरीही सावतोबा वारीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, असे परंपरा सांगते. माझ्यासारख्या वारकऱ्याला हे खरे सांगायचे तर कधी पचले नाही. इतक्या जवळ राहून न जायचे? हे उत्तर मला मिळाले ते माझ्या नुकसानातून.

कोजागिरीला मी मेथी आणि मुळा पेरला होता. वसुबारसेला एका गादीवाफ्यावर कांद्याचे बी टाकले. कार्तिकी वारीला निघायची वेळ आली तेव्हा मेथी काढणीला आली होती, मुळा भरत होता, कांद्याचे रोप बोटभर होते. मी टाळ उचलला आणि निघालो. घरात कोणाला सांगितले नाही. पाण्याचे काय, असे सूनबाईने विचारले तेव्हा देव पाहील असे म्हणून मी चालू लागलो. चालत जाणे, एकादशी, पौर्णिमेपर्यंतचा मुक्काम, परतणे, मिळून बारा-तेरा दिवस झाले. घरी येऊन पाहतो तर मेथी पिवळी पडून आडवी झालेली, मुळे जून होऊन आतून पोकळ, आणि कांद्याच्या वाफ्यावर वाळलेल्या काड्या. मी रागाने म्हणालो की माझ्यामागे कोणी ओंजळभर पाणी घातले नाही. सूनबाई काही बोलली नाही. तिने देव्हाऱ्याकडे एकदा पाहिले आणि आत गेली. मी देवावर सोपवून गेलो होतो, आणि देवाने ज्या हातांनी पाणी घातले असते त्या हातांना मी विचारलेसुद्धा नव्हते.

त्या रात्री मला कूर्मदासाची कथा आठवली. महिपतीबाबांनी भक्तविजय ग्रंथ १७६२ मध्ये पुरा केला, त्यातली ही कथा आपण कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकली आहे. पैठणच्या कूर्मदासाला हातपाय नव्हते. तो पंढरीसाठी जमिनीवरून सरपटत, लोळत निघाला. कार्तिकी दशमीला तो लऊळ गावापर्यंत आला. पुढचा पल्ला त्याच्याने होईना. येणाऱ्याजाणाऱ्या वारकऱ्यांपाशी त्याने देवाला निरोप धाडला की मी येऊ शकत नाही, तूच ये. देव निघाला, बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. देवाच्या मनात सावत्याला भेटायचे आले. त्याने दोघांना मागे ठेवले, एकटाच मळ्यात शिरला आणि माळ्याला म्हणाला की माझ्यामागे चोर लागले आहेत, मला लपव. कुठे लपवणार? मळ्यात भिंत नाही, कोठी नाही. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपली छाती चिरली, देवाला आत घेतले आणि वरून उपरणे बांधले. मागून नामदेव हाका मारीत आले, रडू लागले, देव कुठे आहे म्हणून विचारू लागले. शेवटी पीतांबराचे टोक दिसले आणि देव बाहेर आला.

कीर्तनकार ही कथा अनेक परींनी सांगतात, आणि शब्दशः घ्यावी की भावाने घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला तिच्यातली वाट दिसली. त्या कार्तिकीला लाखो पावले पंढरीकडे चालली होती आणि देव उलट्या दिशेने चालला होता. कोणाकडे? ज्याला चालता येत नव्हते त्याच्याकडे, आणि ज्याला मळा सोडता येत नव्हता त्याच्याकडे. कार्तिक महिना हा बागाईतदाराचा ऐन कामाचा. कांद्याची रोपे कोवळी, लसणीची लावणी चालू, पाऊस संपलेला. या दिवसांत मोट थांबली तर वर्षाची भाकरी गेली. सावतोबा गेले नाहीत ते आळसाने नव्हे, पंढरीला कमी लेखून तर नव्हेच. ज्याला आपण लावले आणि जे आपल्या पाण्यावर जगते, त्याला टाकून जाणे त्यांना देवाला टाकून जाण्यासारखे वाटले असेल.

कोणी म्हणेल, मग वारी कशाला करायची? घरी बसावे आणि सावतोबांचे नाव सांगावे. तसे नाही, बाबांनो. ज्याच्या दारात काही तहानलेले नाही त्याने सावतोबांची सबब सांगू नये. त्याने खुशाल चालावे. पण आपण चालतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. दिंडीत जितके लोक चालतात, तितकेच मागे राहतात. कोणी म्हशीची धार काढतो, कोणी आजारी सासूचे पाय चेपतो, कोणी तान्हे मूल सांभाळतो, कोणी शेजाऱ्याच्या रानाला पाणी देतो. त्यांच्या थांबण्यावर आपले चालणे उभे आहे. वारीत आपल्याला माउली म्हणून लोक पाया पडतात. मागे राहिलेल्याच्या कोणी पाया पडत नाही. म्हणून, मला वाटते, देव स्वतः जातो.

पुढच्या वर्षी कार्तिकीला निघण्याआधी मी सूनबाईला वाफ्यापाशी घेऊन गेलो. कोणत्या वाफ्याला किती पाणी, कांद्याच्या रोपाला झारीने हलके कसे द्यायचे, जास्त झाले तर रोप मुळाशी कुजून कसे कोलमडते, हे दाखवले. तिला हे माझ्यापेक्षा आधीच ठाऊक होते, तिचे माहेर शेतकऱ्याचे. मी फक्त विचारले एवढेच. परत आलो तेव्हा रोप चार बोटे वाढले होते. सहा-सात आठवड्यांचे झाल्यावर आम्ही दोघांनी लावणी केली. फाल्गुन संपता संपता निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडले होते. उपटून पातीसकट सावलीत वाळवले. फार नव्हते, दोन पाट्या. त्यातली एक मी चैत्रीला पंढरीत एका अन्नछत्रात दिली. दुसरी पाटी सूनबाईच्या हातात ठेवली आणि तिला वाकून नमस्कार केला. ती लाजून मागे सरली. पण मला सावतोबांचे दर्शन तेव्हा झाले, असे सांगितले तर खोटे होणार नाही.

शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ ला, आषाढ वद्य चतुर्दशीस सावता महाराजांनी देह ठेवला. वय पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वर महाराज समाधिस्थ झाले. सावतोबांची समाधी अरणलाच, त्यांच्या मळ्याच्या जागी आहे. आता त्या मुलखात मोटांचे चाक वाजत नाही. विजेचे पंप आले, ठिबकाच्या नळ्या आल्या, कुठे कुठे उजनीचे पाणी आले. तरी रोपाला वेळेवर पाणी लागते हे बदललेले नाही, आणि ते देणारे कोणी तरी मागे राहावे लागते हेही बदललेले नाही.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घराभोवती हातभर जागा असेल त्यांनी या वर्षी एक वाफा करून पाहावा. सोपे म्हणून मेथी लावावी, महिन्यात हातात येते. खत कुजलेले घालावे, बी विरळ टाकावे, दाट झाले तर मन घट्ट करून उपटावे. आणि वारीला निघताना वाफ्याचे पाणी कोणाला तरी सांगून जावे. तो जो कोणी होय म्हणेल, तो त्या वर्षीचा आपल्या घरचा सावता. पंढरीहून प्रसाद आणाल तो आधी त्याच्या हातावर ठेवावा.

रामकृष्ण हरी.